पायवाली अक्षरं

सन १९४३च्या उन्हाळ्यात माकणीच्या विहिरीचं पाणी नासलं आणि गावात पटकीची साथ आली. विहिरीत टाकायचं लाल औषध धाराशिवच्या बावडी सरिश्त्यात, म्हणजे गावोगावच्या विहिरींचा कारभार पाहणाऱ्या कचेरीत, पिंपभर पडून होतं. फक्त एक अर्ज हवा होता. गावातल्या हणमंतप्पांच्या बायकोनं, पार्वतम्मानं, अंथरूण धरलं, तेव्हा त्यांनी पाच ओळी मोडीत लिहिल्या आणि बैलगाडी जुंपली.

कचेरीत अर्ज घेणाऱ्या कारकुनानं, म्हणजे पेशकारांनी, कागद उजेडाला धरला.

"अप्पा, हे अक्षर नुसतं पळतंय. पळत्या अक्षराचा सरकारनं भरवसा कसा धरावा?"

"पळू द्या की साहेब. औषध तेवढं द्या. घरात बाई पडलीय."

पेशकारांनी भिंतीवरचा इंग्रजी हुकूम दाखवला. प्रत्येक अक्षराला जाड खांब, डोक्याला टोक आणि पायाशी बारीक पट्टी. जोत्यावर उभं असल्यासारखं एकेक अक्षर. कचेरीत इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, तरी त्याच्यासमोर सगळेच जरा सावरून बसत.

"असं पायजे. पाय असलेलं."

अशा अक्षरांचे खिळे, म्हणजे छपाईचे शिशाचे ठसे, बाजारात शांतलिंगाच्या छापखान्यात होते. कापसाच्या गाठींवरच्या चिठ्ठ्या आणि सावकारांच्या घरची लग्नं, एवढ्यालाच ते बाहेर निघत. एका वकिलानं अर्जाचं इंग्रजी केलं. शांतलिंग चिमट्यानं खिळे जुळवत म्हणाला, "अप्पा, हा इंग्रजीतला आय बघा. पाय न्हाईत तर नुसती काडी. पाय लावले की अंमलदार!" हणमंतप्पांना हसू आलं नाही. दोन दिवस गेले होते.

छापील अर्ज पाहताच पेशकार उठून उभे राहिले.

"कुणाकडून आलाय?"

"आमच्याकडूनच. माकणीहून."

"असा कागद खालून येतच न्हाय. हा वरूनच आलाय. अन् वरच्या कागदावर हात घालणारे आमी कोण?"

"साहेब, त्यात फकस्त औषध मागितलंय!"

"ते वरचे ठरवतील, काय मागितलंय ते."

कागदाला चौकट झाली, हार चढला आणि पुढं काय करावं, अशी विचारणा हैदराबादेला गेली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अक्षरांची ठेवण समाधानकारक असून सर्व कचेऱ्यांनी हाच नमुना ठेवावा, असं त्यात होतं. औषधाबद्दल काही नव्हतं.

तोवर साथ आपली आपणच ओसरली होती. जाताना अकरा माणसं घेऊन गेली. त्यांत पार्वतम्मा होती.

हणमंतप्पांनी मोडीतला तो पहिला अर्ज रुमालाच्या घडीत जपला. भेटेल त्याला म्हणायचे, "वाचा की, पाचच वळी हायेत." अक्षर लागत नाही, म्हणून माणसं कागद परत देत. म्हातारा मरेपर्यंत तो कुणी वाचला नाही.

त्या अर्जाची गोष्ट आज इथं स्वच्छ छापून आली आहे. म्हणून तुम्ही ती शेवटपर्यंत वाचलीत. हणमंतप्पा रुमाल सोडत तुमच्या दारात आले असते, तर तुम्ही काय म्हणाला असतात, ते पेशकारांना ठाऊक होतं.