अर्ध्या तासाचं वेंगुर्लं

कोलकात्यात डमडमला, विमानतळाजवळ राहणाऱ्या माणसाला वाटू लागतं की डोक्यावरून जाणारी विमानं आपल्याला विचारूनच उतरतात. मनोहर पेडणेकरांचं तसंच झालं होतं. (बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुसरं कोणी काही विचारतही नव्हतं.)

पुतण्या कौस्तुभचं लग्न रत्नागिरीला, मुहूर्त सकाळी साडेदहाचा. आणि वेंगुर्ल्याला बायकोची, म्हणजे वृंदाताईंची, कालिंदीमावशी, वय वर्षं एक्याण्णव. आई गेल्यावर हिनंच वृंदाताईंना वाढवलं. चार वर्षांत भेट नव्हती, आणि हल्ली फोनवर तिचा आवाज फार खोल गेल्यासारखा वाटे. सुनेचे दिवस भरत आलेले, त्यामुळे आदल्या रात्री रत्नागिरीला पोचून लग्नाच्याच संध्याकाळी गोव्याहून विमानानं परतायचं होतं.

“जमवतो,” म्हणत मनोहररावांनी मोबाइल उघडला. “हे बघ! रत्नागिरी ते वेंगुर्ले, एकशे तीस किलोमीटर. विमानाचा वेळ अर्धा तास. आपल्याला इथल्या इथे बजबजला जायला याच्या तिप्पट लागतो.”

“पण विमान सुटतं कुठून?”

“सुटत नसतं तर वेळ लिहिला असता का?”

वृंदाताई गप्प बसल्या. (चाळीस वर्षांच्या संसारात त्यांची चूक झाली असेल तर ती हीच.)

मनोहररावांनी लगेच वेंगुर्ल्याला फोन लावला. “मावशी, एक वाजता पानं मांडा!”

“बांगडे सांगून ठेवते,” मावशी म्हणाली. “तुम्ही आलात की मगच मी जेवीन.”

निघायला दोन दिवस उरले तेव्हा स्वारी एस्प्लनेडच्या तिकीटवाल्याकडे गेली. त्यानं कॉम्प्युटरवर पाहिलं, मग मनोहररावांकडे पाहिलं.

“दादा, वहाँ से तो कोई फ्लाइट ही नहीं है.”

“और ये टाइम?”

“ये सिर्फ हिसाब है, दादा. सीधी लकीर खींच के.”

“मग लिहिलंय कशाला?” मनोहरराव अस्सल मराठीत ओरडले. गाडीनं पाच तास. म्हणजे लग्न तरी, नाहीतर मावशी तरी.

घरी वृंदाताई मावशीसाठी घेतलेल्या तांताच्या मऊ सुती साडीची घडी घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी साडी परत कपाटात ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, “ती खरंच जेवायची थांबेल हो.”

मनोहररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी स्वतःच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळं कबूल केलं. वृंदाताईंनी पदर तोंडाला लावला.

मग मावशी बोलली. आवाज चांगला खणखणीत होता.

“जावईबापू, रत्नागिरीहून सरळ रेघेत उडत अर्ध्या तासात माझ्या पानावर यायचं, तर कावळाच व्हायला हवं. आणि कावळ्याला पान वाढायचं, तर आधी मला मरायला हवं. मला काही तेवढी घाई नाही.”

वृंदाताईंना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या रडल्या. मनोहररावांनाही हायसं वाटलं. चला, मावशीनं माफ केलं!

“मावशी, मग मी असं करतो,” त्यांनी उत्साहानं पुन्हा मोबाइल उघडला, “गोव्याहून तुमच्याकडे...”

“तुम्ही काही करू नका,” मावशी म्हणाली. “तुम्ही लग्नाला जा. वृंदाला एकटीला पाठवा. तिला रस्ता ठाऊक आहे.”