स्टुलाच्या पायाची टोपी

लग्नानंतर पहिल्यांदाच रविवारी माहेरी जायचं ठरलं, आणि सासरे म्हणाले, "बसनं कशाला? आपली गाडी आहे की!" मी तिथल्या तिथे बसचं तिकीट काढायला हवं होतं. (पण नवी सून. तोंडातून 'बरं'च्या पलीकडे काही निघत नाही.)

गाडी सासऱ्यांच्या तरुणपणची. पळताना ठीक, पण हल्ली उभी राहिली की ताप भरल्यासारखी थरथरायची आणि दोन आचके देऊन बंद पडायची.

"मिक्स्चर बिघडलंय," शनिवारी सकाळी बॉनेट उघडून सासरे म्हणाले. "पेट्रोल जास्त जातंय."

"कमी जातंय, बाबा," नवरा म्हणाला. "हवा जास्त होतेय."

"तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय मी ही गाडी."

"ते दिसतंच आहे तिच्याकडे बघून."

हवा-पेट्रोलचं प्रमाण जमवणारा एक इवलासा स्क्रू असतो. सासरे तो पाव फेरा आवळून चहाला आत जायचे. तेवढ्यात नवरा येऊन अर्धा फेरा सैल करायचा. एकमेकांना सांगायचं नाही, ही या घराची रीत. (आमटीत मीठही असंच पडतं. तिघं, तीनदा.) मी दिवसभर टॉर्च धरून उभी. मला कोणी काही विचारलं नाही. "त्याला सांगू नकोस" आणि "बाबांना सांगू नकोस" एवढं मात्र दोघांनी आवर्जून सांगितलं.

टॉर्च धरणाऱ्याला ऐकायला भरपूर वेळ असतो. इंजिनातून एक बारीक 'स्स्स' आवाज येत होता, कुणीतरी दातांतून श्वास घ्यावा तसा. बोट नेलं, तर एका छोट्या नळीच्या उघड्या तोंडाशी ते आत ओढलं गेलं आणि थरथर थांबली! बोट काढलं, पुन्हा सुरू. शेजारच्या नळीवर काळी रबरी टोपी होती. हिची कुठेतरी पडली होती, आणि तिथून ही बया फुकटची हवा पीत होती.

कुठेतरी कसली? ती टोपी मी रोज बघत होते. स्वयंपाकघरातल्या स्टुलाच्या आखूड, निमुळत्या पायाला.

"गाडीखाली सापडली," सासूबाईंनी मला कौतुकानं दाखवली होती. "किती वर्षं डगमगत होतं मेलं. या दोघांना जमलं का कधी?"

आता त्यांच्या आयुष्यातली ही एकमेव यशस्वी दुरुस्ती मी मोडायची? टोपी घेतली तर स्टूल गेलं, नाही घेतली तर माहेर. रविवारी सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या आणि मी माहेर निवडलं.

टोपी नळीवर बसली. गाडी सुरू केली, तर सायलेन्सरमधून काळाकुट्ट धूर! चिरंजीवांनी स्क्रू सैल करून करून ठेवला होता ना.

"बघ! पेट्रोल जास्त!" सासऱ्यांनी विजयी मुद्रेनं तो आवळत आणला, आणि गाडी अशी शांत झाली की चालू आहे की नाही ते वाकून ऐकावं लागलं. सगळं श्रेय त्यांनी घेतलं. मी घेऊ दिलं. (उभं राहून राहून पाय दुखत होते.)

पिशवी मांडीवर घेऊन मी गाडीत बसले. इंजिन बंद करायची कुणाची हिंमत नव्हती. एवढ्यात आतून धडाम् आवाज आला.

"अगं बाई! साखर सांडली सगळी! हे स्टूल पुन्हा डगमगायला लागलं!"

दोघं आत धावले.

"हा पाय लांब आहे."

"तो आखूड आहे, बाबा."

मग करवतीचा आवाज. थोडी शांतता. मग दुसऱ्या बाजूनं करवत. बाहेर इंजिन एका लयीत चाललेलं, आत माझं माहेर इंचाइंचानं कापलं जात होतं.

ऊन उतरल्यावर सासूबाई बाहेर आल्या आणि विटेएवढ्या उंचीचं स्टूल माझ्या मांडीवर ठेवलं. "आता मला हे कसल्या कामाचं? घेऊन जा. माहेरी रिकाम्या हातानं जाऊ नये." मग खिडकीत वाकून हळूच, "टोपी हवी होती तर मागायची की गं."

माहेरच्या दारात आईनं आधी मला बघितलं, मग ते. "एवढ्या दिवसांनी आलीस, आणि हे काय?"

"स्टूल," म्हणून मी दमून त्यावर बसले. डगमगलं.

"उठू नकोस," आतून माझे वडील उत्साहानं म्हणाले, "करवत आणतो."