हरलेल्या जोडीचं वकीलपत्र

माकडाने एका बाईच्या हातातली कचोरी पळवली, असा एक व्हिडिओ मध्यंतरी आमच्या अकोल्यात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. खाली लोकांची मजा चालली होती. कोणी माकडाला शिव्या देत होतं, कोणी बाईला हसत होतं, कोणी कचोरी कुठल्या दुकानाची ते विचारत होतं. त्या सगळ्या गर्दीत एक मजकूर असा होता:

"महोदय, सदर माकडास चोर म्हणणे उचित नाही. बाईंनी कचोरी आधी माकडापुढे धरून मागे घेतल्याचे चित्रफितीत स्पष्ट दिसते. यास आमिष दाखवणे म्हणतात. माकडाची बाजू ऐकल्याविना त्यास दोषी ठरवू नये. कळावे. आपला, श्रीधर वामन मोहरील, वकील (निवृत्त), जठारपेठ, अकोला."

त्याखाली कोणीतरी लिहिलं, "काका, फी केळ्यात घेतली का?"

तत्काळ उत्तर आलं, "महोदय, फी घेतलेली नाही. अशील निर्धन आहे."

हे मोहरील वकील माझे शेजारी. मी शाळेत भूगोल शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. सकाळी पोहे झाले की ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसतात, चष्मा कपाळावर चढवतात, मोबाइल नाकाशी नेतात आणि एका बोटाने टाइप करू लागतात. ओळखीचा माणूस, अनोळखी माणूस, सगळ्यांना "महोदय". बायकांनाही महोदयच. एका मुलीने चिडून विचारलं तेव्हा त्यांनी कळवलं, "महोदय, आपण स्त्री असल्याचा पुरावा अद्याप सादर झालेला नाही."

एकाने त्यांना म्हातारचळ लागला म्हटलं. त्यावर यांचं एका ओळीचं उत्तर: "वय मान्य. चळ सिद्ध करावा."

त्यांचा नेम एकच. कुठल्याही व्हिडिओखाली आधी सगळं भांडण वाचून काढायचं, कोणाच्या बाजूने कोणीच नाही ते शोधायचं आणि त्याचं वकीलपत्र घ्यायचं. नवरदेवाचा मामा नाचता नाचता मंडपाच्या कमानीसकट पडला, तर दोष कमान बांधणाऱ्याचा. पुण्याच्या एका बाईने ठेच्यात साखर घातली आणि अख्खा वऱ्हाड प्रांत तिच्यावर तुटून पडला, तेव्हा जठारपेठेतून एकटे मोहरील वकील तिच्यासाठी उभे राहिले. "ठेच्यात साखर घालणे हा गुन्हा असल्याचे कोणत्याही कायद्यात नमूद नाही." त्या बाईने "थँक्यू काका" लिहिलं. ते त्यांनी मला आमच्या अंगणांमधल्या भिंतीवरून दाखवलं, नंतर दूधवाल्याला दाखवलं.

मी विचारलं, "तुम्ही स्वतः खाल का तो ठेचा?"

"मी? हात नाही लावणार. पण मास्तर, ती बाई एकटी पडली होती."

हे वाक्य ऐकायला मला भिंतीवरून बरंच वाकावं लागलं. कारण वकिलांना आवाज नाही.

एकेकाळी होता. कोर्टात ते उभे राहिले की बाहेर चहाच्या टपरीवर बसलेल्या पक्षकाराला आपली केस कुठवर आली ते कळायचं, असं जुने लोक सांगतात. मग घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, माणूस वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती हवा. शब्द सगळे असतात, पण सायकलच्या चाकातून हवा सुटावी तसे येतात. तशाही आवाजात ते काही दिवस कोर्टात गेले. समोरचे न्यायाधीश तरुण होते आणि फार सभ्य होते. ते पुढे झुकले, कानाला हात लावला, आणि शेवटी म्हणाले, "वकीलसाहेब, आपलं म्हणणं लेखी द्या. मी नक्की वाचेन." वकिलांनी लेखी दिलं, कोट खुंटीला लावला आणि पुन्हा कोर्टाची पायरी चढले नाहीत.

घरी चहा हवा असला तर ते देवघरातली घंटा वाजवतात. कुसुमकाकू सवयीने ओळखतात. संथ वाजली तर देवासाठी, घाईने वाजली तर चहासाठी. फोन मात्र ते उचलत नाहीत. उचलला की समोरचा "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" म्हणतो आणि ठेवून देतो. जावयाने मोठा मोबाइल आणून दिला, त्यावर लिहिता येतं हे त्यांना कळलं, आणि वकिली पुन्हा सुरू झाली. काकू म्हणतात, "आधी कोर्टात बोलून येत आणि घरी गप्प बसत. आता घरी बसून जगाशी भांडून राहिले. मला काय, पोहे गरम असताना खाल्ले म्हणजे झालं."

तर अशा या वकिलांच्या हाती गेल्या हिवाळ्यात शंकरपटाचा एक व्हिडिओ लागला. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. एक पांढरी जोडी, एक लाल जोडी. दोन्ही धूळ उडवत आल्या आणि रेषेपाशी लाल जोडी हाकणारा पोरगा गाडीवरून कोलांटी खाऊन पडला. निकाल पांढऱ्या जोडीच्या बाजूने लागला. खाली हसणाऱ्यांची रांग. त्या पोराच्या पडण्यावर लोकांनी गाणी रचली होती.

वकिलांनी पोराचं वकीलपत्र घेतलं. "महोदय, हाकणारा पडला म्हणजे जोडी हरली असे होत नाही. लाल जोडीतील डाव्या बैलाचे नाक रेषेवर प्रथम पोचलेले आहे."

यावर 'राऊत ब्रँड' नावाच्या खात्यावरून उत्तर आलं. नावाशेजारी लाल ट्रॅक्टरचा फोटो. "ओ वकील, बैल पाहून राहिले का पोरगी पाहून राहिले? नाक काय पाहता?"

"महोदय, भाषा जपावी. नाक हा पुरावा आहे."

"पुरावा तुमच्या कोर्टात. इकडं बैल धावते. पांढरी जोडी जिंकली, साऱ्या गावानं पाह्यलं."

"सारे गाव पांढऱ्या जोडीचे नातेवाईक असावे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. उन्हाळा आला, बाकीचे लोक दुसऱ्या व्हिडिओंकडे गेले, हे दोघं तिथेच. वकील व्हिडिओ थांबवून, बोटांनी मोठा करून बैलांची नाकं तपासत. राऊत ब्रँड म्हणे, "धामनगाव टेशनावर उतरा अन् राऊतचं घर इचारा. बैलच दाखवू तुमाले." नुसते वाचायला येणारेही काही होते. एखाद्या दिवशी वकिलांना उशीर झाला की कोणीतरी विचारायचं, "आज वकील सुट्टीवर का?"

पोळ्याला राऊत ब्रँडने सजवलेल्या पांढऱ्या बैलांचा फोटो टाकला. शिंगांना बेगड, पाठीवर झुली. "घ्या वकील, जिंकलेल्या जोडीचं दर्शन."

वकिलांनी फोटो पुष्कळ वेळ पाहिला. मग लिहिलं, "महोदय, जोडी देखणी आहे. देखणेपण हा विजयाचा पुरावा नव्हे. माझ्यातर्फे दोघांस पुरणपोळी द्यावी."

"दिली," असं उत्तर आलं.

वकिलांच्या मते हा राऊत म्हणजे पंचविशीतला टारगट पोट्टा होता. मिशीला पीळ, शर्टाची वरची बटणं उघडी. "डोकं तेज आहे त्याचं," ते मला म्हणत. "कायदा शिकला असता तर नाव काढलं असतं."

दसऱ्यानंतर राऊत ब्रँड गप्प झाला. वकिलांनी एक मुद्दा टाकला, उत्तर नाही. दुसरा टाकला, मुद्दाम कच्चा टाकला, तरी नाही. मग ते भिंतीशी आले. "मास्तर, तुमच्या मोबाइलवर पाहा बरं. माझा बिघडला वाटते."

त्यांचा मोबाइल ठीक होता. उत्तर एका शनिवारी आलं.

"वकीलसाहेब, आमचा मोत्या गेला. डावीकडचा. जोडी तुटली. आता तुमी म्हनता त तुमचीच जोडी जिंकली. आमी वाद सोडला."

त्याखाली चार-दोन रिकामटेकड्यांनी वकिलांचं अभिनंदन केलं होतं. केस जिंकली म्हणून टाळ्यांची चित्रं टाकली होती. वकील ते घेऊन माझ्या फाटकाशी उभे राहिले. मी वाचलं.

"उद्या रविवार आहे ना?" ते म्हणाले. "धामणगावला जायचं."

"अहो, दोन शब्द लिहा ना सांत्वनाचे."

त्यांनी मान हलवली. "हे लिहायचं नाही."

सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. वकिलांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि वर काळा कोट. ऑक्टोबरच्या उकाड्यात कोट कशाला, असं काकूंनी विचारून पाहिलं, पण त्यांनी ऐकलं नाही. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, वकील खिडकीबाहेर पाहत मनातल्या मनात काहीतरी जुळवत होते. धामणगावच्या स्टेशनवर उतरून मी ऑटोवाल्याला राऊतांचं घर विचारलं. "बैलवाले राऊत? बसा," तो म्हणाला.

घर गावाबाहेर, शेताला लागून होतं. अंगणात सोयाबीनचा ढीग. गोठ्यात एक पांढरा बैल आणि त्याच्या शेजारी मोकळा खुंटा. मी दारातल्या बाईंना सांगितलं, "अकोल्याचे मोहरील वकील आलेत. राऊत ब्रँड नावाने कोण लिहितं?"

बाईंनी तोंडावर हात ठेवला आणि आत वळून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आत्याबाई, महोदय आले."

बाजेवर एक म्हातारी बसली होती. जाड भिंगाचा चष्मा, डोक्यावरून पदर. सिंधूबाई राऊत. हाच तो टारगट पोट्टा. खातं मुलाचं, ट्रॅक्टर मुलाचा, पण बोल सगळे सिंधूबाईंचे. त्या सांगायच्या आणि दारात भेटलेली त्यांची सून, मनीषा, टाइप करायची. वकिलांचं उत्तर आलं की मनीषा ते मोठ्याने वाचून दाखवायची, आणि शेजारच्या बायका भांडी टाकून ऐकायला यायच्या. त्या घरात वकिलांना आवाज होता, तो मनीषाचा.

"मले वाटलं, तुमी चांगले धिप्पाड असान," सिंधूबाई वकिलांकडे पाहत म्हणाल्या. "बसा."

बघता बघता खोली भरली. मुलगा आला, पुतणे आले, शेजारी आले. महोदय पाहायला आले. सगळे एकदम बोलत होते, वर पंखा घरघरत होता. वकील उठून उभे राहिले आणि बोलू लागले. कोणाला काही ऐकू गेलं नाही. पुतण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नेहमीप्रमाणे मी पुढे झालो, "वकीलसाहेबांचं म्हणणं असं आहे की..."

"मास्तर, तुमी थांबा," सिंधूबाईंनी हात वर केला. "त्यायले बोलू द्या. मनीषा, पंखा बंद कर व."

मनीषाने बटण दाबलं. पंख्याची पाती हळूहळू थांबली. सिंधूबाईंनी नुसतं पाहिलं तशी पोरं गप्प झाली. अंगणात कोणीतरी बोलत होतं, त्यालाही आतून कोणी हटकलं. जठारपेठेत आम्ही सगळे वकिलांचं अर्धं बोलणं अंदाजानेच ओळखतो आणि मान डोलावतो. अशी भरलेली खोली त्यांच्यासाठी श्वास रोखून बसलेली मी पहिल्यांदा पाहत होतो. त्यांनाही ते नवीन असावं. त्यांनी कोटाची बटणं चाचपली.

"तुमचीच जोडी जिंकली होती, बाई," ते म्हणाले. प्रत्येक शब्द ऐकू आला. "पांढरी. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मोत्या हरला असं लिहिलेलं राहू नये, म्हणून सांगायला आलो."

सिंधूबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग इतके महिने भांडले काहून?"

"आधी त्या पडलेल्या पोरासाठी. लोक फार हसून राहिले होते त्याला." वकील जमिनीकडे पाहत म्हणाले, "मग तुम्ही रोज उत्तर देत होतात, म्हणून."

सिंधूबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"मोत्या गेला तवा घरचे होतेच जवळ," त्या म्हणाल्या. "पन मले वाटलं, वकिलाले सांगाव. त्या जोडीवर इतके दिवस माह्यासंगं बोललं कोन? तुमीच."

मग त्या स्वतः उठल्या आणि वकिलांना गोठ्यात घेऊन गेल्या. उरलेल्या बैलाचं नाव राजा. वकिलांनी भीत भीत त्याच्या कपाळावर हात ठेवला. बैलाने जोरात फुस्स केलं तसे ते मागे सरकले, आणि सिंधूबाई पहिल्यांदा हसल्या.

परत आत आलो तेव्हा मनीषाने चहा आणला होता. पंखा लावायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"आता वाद त मिटला," सिंधूबाई बाजेवर बसत म्हणाल्या. "उद्यापासून काय कराव?"

वकिलांनी चहाचा घोट घेतला. बशी खाली ठेवली, विचार केला.

"चहात साखर फार आहे," ते म्हणाले.

"फार?" सिंधूबाई सरसावून बसल्या. "चहा पाहून राहिले का काढा पाहून राहिले? इतकी त लागतेच."

"मान्य नाही," वकील म्हणाले, आणि खुर्ची बाजेजवळ ओढून घेतली. सगळे घामाने निथळत होते, पण पंख्याच्या बटणाकडे कोणी गेलं नाही.