सेतुरावांचा डबा

आमचे शेजारी सेतुराव कोणाच्याही घरी गेले की खुर्चीवर बसत नाहीत. आधी जमिनीवर उताणे आडवे होतात. पाय ताणतात, हात डोक्यामागे नेतात, मान उचलून टाचांपलीकडे किती फरशी उरली ते बघतात आणि म्हणतात, "पोदुम. माणसास एवढें पुष्कळ. बाकीचें अस्कें फुकटचें भाडें." अस्कें म्हणजे त्यांच्या मराठीत सगळं, आणि पोदुम म्हणजे तमिळमध्ये पुरे. हा शब्द ते इतक्यांदा म्हणतात की त्यांच्या पत्नी, पद्माकाकू, वाढताना तो ऐकूच आला नाही असं धरून चालतात.

मी साळुंखे, सांगलीचा, बँकेच्या बदलीनं चेन्नईत येऊन पडलेला. मांबळमच्या त्या जुन्या इमारतीत खोली बघायला गेलो आणि जिन्यात मराठी भांडण ऐकून जीव भांड्यात पडला. सेतुराव तंजावरकडचे. त्यांच्या पूर्वजांनी महाराष्ट्र सोडला त्याला शतकं लोटली, पण मराठी त्यांनी लोणच्यासारखी मुरवून ठेवलीय. माझी मराठी त्यांना घाईची वाटते. सांगली, नागपूर, नाशिक हे सगळं त्यांच्या लेखी पुणंच, त्यामुळे मीही पुणेंवाला.

सेतुरावांची सारी नोकरी रेल्वेचे डबे बनवण्याच्या कारखान्यात झाली. बर्थ, कड्या, बिजागऱ्या हे त्यांचं खातं. "एका डब्यांत बहात्तर माणसें दोन दोन रात्री संसार करतात," ते मला ऐकवत. "जेवतात, भांडतात, लेकरें निजवतात. कोणी म्हणतो काय, मज तीन बेडरूम होणेत?" त्यांचं होणे म्हणजे आपलं हवं. गाडी निदान कुठंतरी पोचते, असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

मग मालकानं इमारत बिल्डरला दिली आणि पोंगलच्या आत सगळ्यांनी जागा खाली करावी असं सांगून टाकलं. माझी झोपच उडाली. रोज संध्याकाळी दलालामागे हिंडायचो. परवडेल तिथं पाणी नसायचं, आणि पाणी असेल तिथलं भाडं ऐकून घसा कोरडा पडायचा. दिवसा बँकेत मी लोकांना घरकर्जाच्या योजना समजावून सांगत होतो, ती माझी आणखी एक गंमत.

सेतुरावांना खरं तर काळजीचं कारण नव्हतं. मुलगा माधव शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर कंपनीत, तिथंच कर्जावर घेतलेला फ्लॅट, बायको आणि एक लहान मूल. तो दोघांना न्यायला आला, तेव्हा सेतुराव म्हणाले, "तुजकडे हवा नाही." फ्लॅटच्या खिडकीतून समुद्राचा वारा येतो, पडदे उडतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माधव खाली मान घालून परत गेला. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत.

सेतुरावांनी मात्र गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याच्या शेडमध्ये, चाकांच्या लोखंडी सांगाड्यावर घर उभारायला घेतलं. ते चेन्नईजवळच्या, समुद्रकाठच्या कोवलमला दुसऱ्या सोबत्याच्या नारळीच्या जागेत नेऊन ठेवायचं, असा बेत. रविवारी मला बरोबर नेत. आमच्या न्हाणीघरापेक्षा थोडं मोठं असं ते घर बघून काळजी मीच करायचो. दोन म्हातारी माणसं, पत्र्याचं छप्पर, समोर समुद्र.

"राव, वादळ आलं तर?"

"वादळांत उंच इमारतीसच जास्त भय," ते स्क्रू पिळत म्हणाले.

घर तयार झालं तेव्हा ते बघायला काकूंना शेडमध्ये आणलं. सगळं बघायला त्यांना फार चालावं लागलं नाही. घडीचं टेबल, खाली बसायचं बाक, वर बर्थ, चपलांची जागा, पाण्याच्या बाटलीची जाळी. काकू मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूल कोठें?"

सेतुरावांचा चेहरा उतरला. जन्मभर डबे जोडलेल्या माणसाला चूल सुचलीच नव्हती.

"डब्यांत चूल नसते, पद्मा."

"मग कोवलमला दर स्टेशनीं चहावाला येणार काय?"

शेडमधल्या वेल्डरांनी हसण्यासाठी काम थांबवलं. सोबत्यानं उपाय सुचवला, की मागच्या भिंतीला ती जाड फळी आहे ना, ती काढली की ओटा बसेल. त्यावर सेतुराव अशा आवाजात बोलले की वेल्डर पुन्हा कामाला लागले. "त्या फळीस हात लावायचा नाही." काकूंनी समजावलं, मीही समजावलं. शेवटी काकू रडल्या. "ह्यांस भिंत होणे, मी नको," म्हणाल्या. तरी फळी हलली नाही. चूल घराबाहेर, पत्र्याच्या आडोशाला गेली.

पोंगलच्या आधी लॉरीनं घर कोवलमला नेलं. मला तोवर पल्लावरमला खोली मिळाली होती, तेव्हा उरलेली काळजी वाहायला मी मोकळा होतो. काकू बाहेर वाऱ्याशी भांडत गॅस पेटवत होत्या. आम्ही दोघं आत. मी न राहवून विचारलं, "राव, त्या बाईंना उघड्यावर स्वयंपाक करायला लावलात. काय आहे त्या फळीत?"

त्यांनी दार लोटून घेतलं. मग फळीच्या कडा चाचपल्या, दोन कड्या काढल्या, आणि एक बर्थ हळूच खाली आला. त्याच्यावरून दुसरा. बाजूनं एक आखूड.

"हा माधवचा. हा सुनेचा. लहान तो लेकराचा."

मी त्या आखूड बर्थवरून हात फिरवला.

"त्याचे कंपनींत माणसें काढूलालेत," सेतुराव म्हणाले. "तो सांगत नाही. पण हल्लीं फोनवर फार हसतो. नोकरी गेली तर फ्लॅट जाईल. आम्ही तिथें जाऊन बसलों, तर मग अस्के कोठें जाणार?"

"काकूंना का नाही सांगितलंत?"

"ती आई. ती रडेल, तो विचारील कां रडतेस. बापानें आधींच बिछाने घालून ठेवलेत, हें त्यास कळूं नये."

त्यांनी आखूड बर्थ आधी मिटला, मग दुसरा, मग माधवचा. कड्या लावल्या आणि फळीवर तळहात ठेवून उभे राहिले.

"साळुंखे, माझे हातची कडी कधीं गंजली नाही. ह्या मात्र गंजोत."