विहिरीतली मंडळी

आमच्या देवपुरातल्या विहिरीवर रहाट दिवसभर करकरायचा, पण बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज कधी यायचा नाही. तो शेजारच्या आबांनी बंद करवला होता. जुनी छत्री घेऊन ते काठावर पहाऱ्याला बसत आणि कुणी दोर सैल सोडला की म्हणत, "हळू सोड माय, मंडळी झोपेल शे."

मंडळी म्हणजे तळातले दोन मिशाळ मासे. पाणी निवळ राहावे म्हणून आबांच्या पत्नींनी, नवी सून म्हणून आल्या तेव्हा, सावद्याच्या माहेराहून तापीतले हे जोडपे ओल्या फडक्याने झाकलेल्या कळशीतून आणले होते. त्या जाऊन बरीच वर्षे लोटली होती. मासे कधी वर येत नसत. खालच्या गार अंधारात, चिखलाला पोट लावून, मिशांनी चाचपत ते जेवतात. उन्हाचा त्यांना तिटकारा, गोंगाटाचा त्याहून अधिक. आबा हे जावयाच्या आवडीनिवडी सांगाव्यात तसे सांगत.

"हाई बठ्ठं तुम्हले त्यासनीच सांगं का?" समोरची सखूअक्का विचारायची. "मी तं एक शेपूटबी नही देखं."

"तुना आवाजले भ्यातस," आबा म्हणत.

लढाईच्या दिवसांतल्या एका वैशाखात विहीर आटत आली आणि गाळ काढायचे ठरले. आबांचे जेवण सुटले. माणसे खाली उतरली, चिखलाच्या पाट्या वर येऊ लागल्या, तेव्हा त्यांनी मनगट धरून मला काठाशी उभे केले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पाणीसुद्धा त्यांना कित्येक दिवसांपासून दिसत नव्हते, हे मला तिथे कळले.

"तू देख माय. मंडळी जिती शे का, सांग."

दुपारी एक मासा निघाला. थंड, बुळबुळीत, काळसर, जिवंत. मी त्याला घंगाळात सोडले. आबा स्वतः उन्हात उभे राहिले आणि छत्री त्यांनी घंगाळावर धरली. पाणी कोमट झाले असे मी म्हणताच सखूअक्का घरातला माठ कडेवर घेऊन आली आणि न बोलता ओतून गेली.

शेवटची पाटी रिकामी झाली. खाली खडक लागला. माणसे वर आली, त्यांनी दोर गुंडाळले.

आबांनी घंगाळात हात घातला. तळातून, कडेकडेने, बराच वेळ तो हात फिरत राहिला. मग माझ्या दिशेने मान वळवून त्यांनी हलकेच विचारले,

"एकलाच?"