काळ्या छत्रीखालची नवरी

"आज उघड्या डोळ्यांचा फोटो काढल्याशिवाय घरी येत नाही!" च्वांगकाकांनी मुलीला बजावलं आणि कॅमेरा गळ्यात अडकवला.

यीरूची अटच तशी होती. पुढच्या महिन्यात तिचं लग्न. फोटोग्राफर ठरला होता, पण एक फोटो मीच काढणार, हा काकांचा हट्ट. त्यावर ती म्हणाली होती, "आधी कुणाचा तरी डोळे उघडे असलेला फोटो दाखवा, मग बघू."

तिचं चुकलं नव्हतं. चाळीस वर्षं काकांनी बायकोला सूर्याकडे तोंड करून उभं केलं. प्रत्येक फोटोत ती लिंबू चावल्यासारखी! दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा भिंतीवर लावायला धड फोटो सापडेना. शेवटी ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला.

तैवानमधल्या ताइनानच्या हौशी फोटोग्राफरांच्या मंडळाने नवशिक्यांसाठी एक मॉडेल बोलावली होती. जागा अनपिंगच्या देवळासमोरची, वेळ दुपारी बाराची. फरशीवर मासा ठेवला असता तर एका अंगाने भाजून निघाला असता. मॉडेल पेईशान, नवरीच्या पायघोळ पांढऱ्या झग्यात.

"पोरी, माझ्याकडे बघ!"

"काका, मला फक्त सूर्य दिसतोय, तुम्ही नाही!"

वीस फोटो, वीस लिंबं. तिला सूर्याकडे पाठ करायला लावली, तर चेहरा सोया सॉसमध्ये उकडलेल्या अंड्यासारखा काळा. काकांनी गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा आणून उजेड तिच्यावर पाडला.

"आई गं! काका, माझं तोंड आहे, तवा नाही!"

मंडळातले बाकीचे सावलीत जाऊन थंड चहा पीत बसले. काका गाडीकडे गेले आणि मागच्या सीटवरून बायकोची काळी छत्री घेऊन आले. फोटो काढताना ती ही छत्री उघडायची आणि काका ओरडायचे, "मीट ती! चेहऱ्यावर अंधार पडतो!"

डाव्या हाताने त्यांनी छत्री पेईशानच्या डोक्यावर धरली. ऊन मऊ झालं. पोरीचा चेहरा उजळला. चाळीस वर्षं छत्री मिटायला लावली, काका मनात म्हणाले. गाढव मी!

त्यांनी उजव्या हाताने कॅमेरा उचलला.

"अगंबाई! अभिनंदन!"

समोरच्या हातगाडीवरची मासळीचे गोळे विकणारी मावशी झारा घेऊनच धावत आली. "कितवा महिना?"

"कसला महिना?" पेईशानने विचारलं.

"लाजू नकोस! नवरीच्या डोक्यावर बांबूची चाळण धरतात. काळी छत्री कधी? पोटात बाळ असेल तेव्हाच! बापाने स्वतः धरलीय, आम्हाला का कळत नाही?"

"अहो, मी तिचा बाप नाही!" काका ओरडले.

मावशीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे नवरदेव? या वयात?"

देवळातल्या चार बायका जमल्या. एकीने बाळंतिणीसाठी तिळाच्या तेलातली कोंबडी कशी करायची ते सांगितलं. दुसरीने पोटाकडे बघून मुलगाच, असा निकाल दिला. तिसरी नेमकी पेईशानच्या आईच्या ओळखीची निघाली आणि तिने फोटो पाठवूनही दिला! पेईशानचा फोन खणाणला. पलीकडून तिची आई इतकी मोठ्याने किंचाळली की काकांनाही ऐकू आलं, "कोण आहे तो म्हातारा?"

पेईशानचे डोळे बशीएवढे झाले. काकांचं बोट सवयीने दाबलं गेलं. फोटो निघाला.

संध्याकाळी यीरूने तो बघितला. "बाबा, हे डोळे उघडे नाहीत, बाहेर आलेत!" सगळी हकीकत ऐकून ती पोट धरून हसली. मग म्हणाली,

"ठीक आहे. माझाही एक फोटो काढा. आणि आईची छत्री घेऊन या."

"आणणारच! उन्हात तिच्याशिवाय..."

"बाबा, लग्नाच्या दिवशी मी घरातून पहाटे पाचला निघणार आहे. ऊन कुठलं?"

"तेही खरंच," म्हणून काका तांदूळ धुवायला आत गेले. पहिलं पाणी ओतलं. दुसरं ओतता ओतता हात थांबला.

"यीरू!" ते आतूनच ओरडले. "कितवा महिना?"