दावीद मास्तरांचे सहा दिवस

दावीद मास्तर भाजीला भाजी म्हणत नसत. आमच्या ओट्यापाशी थांबून ते माझ्या आईला विचारत, "आज तिसऱ्या दिवसाचं काय केलंत, काकू?" आई आतून म्हणे, "पडवळ." मग मास्तर समाधानाने मान हलवून पुढे जात.

त्यांच्या शास्त्राप्रमाणे, म्हणजे बायबलाप्रमाणे, देवाने झाडपाला तिसऱ्या दिवशी केला. म्हणून पडवळ, चाकवत, हापूस आंबा आणि बसायचा पाट हे सगळं तिसऱ्या दिवसाचं. मासे आणि पाखरं पाचव्या दिवसाची. गुरंढोरं सहाव्या दिवशी सकाळी झाली आणि माणूस त्याच दिवशी उतरत्या उन्हात. देवाने पहिल्या दिवशी उजेड केला, म्हणून दिवेलागणीला मास्तर म्हणत, "पहिला दिवस आणा हो कुणीतरी." दुसऱ्या दिवशी त्याने वरच्या आणि खालच्या पाण्याच्या मधोमध आभाळ घातलं, पावसाळ्यात शाळेची कौलं ठिबकू लागली की मास्तर वर बघून म्हणत, "दुसरा दिवस गळतोय."

वर्गात त्यांनी कुणाला गाढव म्हटल्याचं मला आठवत नाही. उत्तर चुकलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणत, "तू अजून सहाव्या दिवसाच्या सकाळीच आहेस रे. संध्याकाळपर्यंत पोहोच."

ठाण्याच्या मिशनच्या शाळेत ते शास्त्र शिकवत आणि मी गणित. मी तिथे पोटासाठी होतो. देवाची गोष्ट निघाली की मी फळ्याकडे तोंड करून त्रैराशिक मांडायला घेई. टेंभी नाक्यावरच्या घरी परतलो की आई मागच्या दाराशी घागर घेऊन उभी! आंघोळ केल्याशिवाय घरात घेत नसे. मिशनच्या शाळेत अंगाला नक्की काय चिकटतं ते तिला सांगता येत नसे, पण ते पाण्याने जातं एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. मास्तरांशी मात्र ती आतून का होईना, बोलायची. "मूळचा आपल्यातलाच तो," असं म्हणायची. जणू मास्तरांना एखादं दुखणं जडलंय आणि पथ्य सांभाळलं तर ते उतरेल.

मास्तर मूळचे कल्याणचे दामोदरपंत. ऐन तिशीत पाद्रीसाहेबाच्या हातचं पाणी डोक्यावर घेऊन ते दावीद झाले. घरच्यांनी त्यांच्या नावाने आंघोळ केली. बायको कल्याणातच, तिच्या बापाच्या घरी राहिली. तिने यायला नकार दिला की तिला कुणी येऊ दिलं नाही, हे आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. पाद्रीसाहेबांनी पुढे मास्तरांना एकदोन स्थळं सुचवली. मास्तर म्हणाले, "साहेब, माझं लग्न झालेलं आहे," आणि तो विषय तिथेच संपला.

धर्म बदलला तरी मास्तरांची जीभ काही बदलली नाही. मासळी त्यांच्या घशाखाली कधी उतरली नाही. मासळीबाजार लागला की ते नाकाला उपरणं लावून वाट वाकडी करत. साहेबांना वाटे, हा गडी अजून पुरता आपला झालेला नाही. आम्हाला वाटे, हा अजून पुरता त्यांचा झालेला नाही. मास्तर बिचारे दोघांच्या मधे एकटे पडवळ शिजवत बसायचे.

आणि या मासळी न खाण्यानेच पुढचा सगळा घोटाळा केला.

झालं असं, की शाळेचा एक जुना विद्यार्थी मुंबईच्या कॉलेजात गेला होता, तो सुट्टीत आला आणि पोरांच्या डोक्यात एक नवंच खूळ भरवून गेला. म्हणे विलायतेतले विद्वान आता सांगतात, सहा दिवसांत काही झालेलं नाही. एका प्राण्यापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, असं लाखो वर्षं चाललं. पाण्यातला जीव हळूहळू जमिनीवर आला आणि शेवटी माकडाच्या जातीतून आपण.

मासुंदा तलावाच्या पायऱ्यांवर आमची ब्राह्मण मंडळी संध्याकाळी बसत, तिथे या बातमीने दिवाळी झाली. "आमच्याकडे पहिला अवतार कोणता? मासाच! मग कासव, मग वराह! हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं." मीही माना डोलावल्या. इतकं ठाऊक असून हे आम्ही आजवर एकमेकांनासुद्धा का सांगितलं नव्हतं, हा प्रश्न कुणी काढला नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी शास्त्राच्या तासाला पोरांनी मास्तरांना छेडलं. माझा वर्ग शेजारीच. मधे नुसती चटई टांगलेली.

मास्तर मोठ्याने हसले. म्हणाले, "अरे, मासा कधी पाण्याबाहेर येऊन चाललाय का? कुणी पाहिलाय? मग तर मी शास्त्र मिटून ठेवीन!"

सगळी खाडीकाठची पोरं एकदम ओरडली, "चालतो की मास्तर! निवटी!"

"निवटी म्हणजे काय?"

ठाण्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने हा प्रश्न विचारला आणि चटईपलीकडे जो हशा झाला, त्यात माझा भागाकार वाहून गेला.

त्याच दिवशी ओहोटीला मास्तर खाडीवर गेले. सोबत मला ओढलं, छत्री धरायला. कळव्याच्या बाजूला चिखल उघडा पडला होता आणि त्या चिखलावर वीतभर लांबीचे, वटारलेल्या डोळ्यांचे मासे पुढच्या दोन परांवर रेटा देत, लंगड्या माणसासारखे खुशाल हिंडत होते. एकाने तर उडी मारून दगड गाठला आणि आमच्याकडे पाहत बसला.

मास्तर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

एक कोळीण टोपलीत निवट्या भरत होती. तिने विचारलं, "काय रं मास्तर, खायाला नेतंस?"

"नाही बाई. बघायला."

"बघाला? नवरी हाय का ती?"

बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. मी छत्री चेहऱ्यासमोर घेतली. मास्तरांना ऐकूच आलं नसावं. ते पुटपुटत होते, "पाण्यात आहे, म्हणजे पाचवा दिवस. जमिनीवर चालतो, म्हणजे सहावा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पंत, एकच जीव दोन दिवशी कसा होईल हो?"

मी म्हटलं, "मास्तर, मावळता पाचवा धरा, सोडून द्या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा मी देवाच्या कामात गणिताची तडजोड सुचवली नाही.

पुढे महिनाभर मास्तरांना दुसरा विषय नव्हता. ओहोटीच्या वेळा त्यांना कोळ्यांपेक्षा आधी ठाऊक. आईने विचारलं, "आज तिसऱ्या दिवसाची आमटी देऊ का?" तर म्हणाले, "काकू, दिवसांचं काही खरं नाही." आई घाबरली. मला म्हणाली, "त्यांना एकदा दृष्ट काढून घ्यायला सांग."

शेवटी पाद्रीसाहेब परीक्षा घ्यायला आले. गोरे, उंच, मराठी पुस्तकातून शिकलेले. सगळ्यांना प्रेमाने अरेतुरे करायचे. शास्त्राच्या वर्गात त्यांनी विचारलं, "मुलांनो, मासे कोणत्या दिवशी उत्पन्न झाले?"

"पाचव्या!"

"आणि जमिनीवर चालणारे प्राणी?"

"सहाव्या!"

साहेब प्रसन्न झाले. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आणि निवटी?"

मी चटई बाजूला सारून उघड उघड बघू लागलो. आता लपवण्यात अर्थ नव्हता. माझा सगळा वर्गही माझ्या खांद्यावरून तेच बघत होता.

साहेबांना निवटी काय ते समजावून सांगण्यात आलं. ते हसून म्हणाले, "तो मासा आहे. तर पाचवा दिवस. मास्तर, तू मुलांना सांग."

मास्तर उभे राहिले. घसा साफ केला. एवढंच म्हणायचं होतं, पाचवा. पोरंही तयार होती. त्यांना मास्तरांचा जीव प्यारा होता, निवटीचा नव्हे. मास्तरांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "साहेब, मला ठाऊक नाही."

"पण लिहिले आहे."

"लिहिलं आहे पाचवा. चालतं आहे सहावा. मी डोळ्यांनी पाहून आलो. मला ठाऊक नाही."

साहेब दुष्ट नव्हते. त्यांनी मास्तरांना कचेरीत नेऊन तासभर समजावलं. बाहेर आले तेव्हा मास्तरांचा शास्त्राचा तास गेला होता; त्यांनी यापुढे फक्त कित्ते गिरवून घ्यायचे होते. "तू फार बरा मनुष्य आहे," असं साहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते आणि ते त्यांना खरंच वाटत होतं.

मला वाटलं, मास्तर खचले ते तासासाठी. संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. आत डोकावले नाहीत.

"पंत, शनिवारी माझ्याबरोबर कल्याणला याल?"

"काय काम?"

"तिला एक सांगायचंय. मला त्या घरात घेणार नाहीत. तुम्हाला घेतील."

मग हळूहळू बोलले. घर सोडलं त्या दिवशी सगळं घर रडत होतं, शिव्या देत होतं. ती रडली नाही. दाराशी येऊन तिने एवढंच विचारलं, "तुमची पुरती खात्री आहे ना?" हे म्हणाले, "पुरती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत." त्यावर ती आत गेली.

"खात्री आहे म्हणून घर सोडलं हो," मास्तर म्हणाले. "आता वर्गासमोर म्हणालो, ठाऊक नाही. पोरांना सांगितलं आणि तिला नाही सांगितलं, असं कसं चालेल?"

मी खूप समजावलं. पहिलं पान डळमळलं म्हणून सगळं पुस्तक खोटं होत नाही, वगैरे. ब्राह्मणाने ख्रिस्ती माणसाची ख्रिस्तावरची श्रद्धा सावरून धरावी, असा तो देखावा. आई आतून ऐकत होती. तिने काय नवस बोलला असेल, देव जाणे.

श्रावणातल्या त्या शनिवारी आम्ही सकाळच्या आगगाडीने कल्याणला उतरलो. मास्तर गल्लीच्या तोंडाशी थांबले. मी पुढे गेलो.

दार तिच्या भावाने उघडलं. ठाण्याचा आहे, गणित शिकवतो म्हटल्यावर पाट मांडला, गुळपाणी दिलं. कुणाकडून आलो ते सांगितल्यावर तो उभा राहिला. "त्या नावाचं माणूस आमच्या लेखी वारलं. आपण या आता."

"दादा," आतल्या दाराआडून आवाज आला, "त्यांना बोलू दे."

मी निरोप दिला. गणिताच्या माणसाने द्यावा तसा, कोरडा, जसाच्या तसा. मास्तर म्हणतात, तेव्हा सांगितलं ती पुरती खात्री होती. आज ती तशी राहिलेली नाही. हे तुम्हाला कळावं.

"पुरती खात्री तेव्हाही नव्हती त्यांची," ती म्हणाली. "खात्रीचा माणूस उंबरठ्यात इतका वेळ उभा राहत नाही. मी आतून बघत होते ना. म्हणून तर मी गेले नाही मागे. म्हटलं, चार दिवसांत परत येतील."

भाऊ खाली बघत होता. माझ्या हातातलं पाणी तसंच होतं.

"आता काय," ती म्हणाली. "प्रकृतीला जपा म्हणावं."

मी गल्लीच्या तोंडाशी आलो. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. मी सगळं सांगितलं. वाटेत थोडं गाळावंसं वाटत होतं, पण नाही गाळलं. ते ऐकत राहिले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मला भीती वाटली, आता हे त्या दाराकडे चालू लागतील. आणि त्याहून जास्त भीती वाटली, की नाही चालणार.

ते नाही चालले.

त्यांनी विचारलं, "आवाज कसा होता?"

"कुणाचा? वहिनींचा?" मला काय सांगावं सुचेना. "जरा बसलेला होता. पडसं झालं असावं."

"हो," मास्तर म्हणाले. "श्रावणात व्हायचंच तिला."